स्पर्श : हाताचा की मेंदूचा?

बी. ए. भाग दोन

रूप, रस, गंध, शब्द आणि स्पर्श हे पाच विषय, आणि डोळे, जीभ, नाक, कान व त्वचा ही त्यांची पाच ज्ञानेंद्रिये, हे आपण प्राथमिक शाळेपासून पाठ केलेले आहे. या पाचांत डोळ्यांचे कौतुक सर्वांत अधिक होते. दृष्टी गेलेल्याचे दुःख आपल्याला समजते, ऐकू न येणाऱ्याचेही समजते. परंतु ज्याचा स्पर्श गेला त्या माणसाला आपल्या भाषेत वेगळे नावसुद्धा नाही. त्याच्या हाताला आपण 'बधिर' म्हणतो. पण बधिर म्हणजे मुळात बहिरा. हा शब्दही आपण कानाकडूनच उसना घेतला आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. शरीरशास्त्र हा माझ्या अभ्यासक्रमाचा विषय नाही. तरीही हा विषय मी निवडला, याला कारण आहे. आपला भाग कापसाचा, म्हणजे हाताने कष्ट करणाऱ्यांचा आहे. आणि ज्या रोगात हाताचा स्पर्श नाहीसा होतो त्या कुष्ठरोगाशी झुंज देणाऱ्या थोर संस्था आपल्याच यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या वर्धा, अमरावती आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत उभ्या राहिल्या. स्पर्श म्हणजे काय, तो कोठे घडतो आणि तो गेला म्हणजे माणसाचे काय जाते, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेतून जशी मिळतात, तशीच या संस्थांच्या अंगणातूनही मिळतात.

कातडीपासून मेंदूपर्यंत

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे कापसाची वेचणी जोरात असते. वेचणाऱ्या बाईचे हात पाहावेत. बोंडाच्या वाळलेल्या टोकदार कडा चुकवून बोटे आत शिरतात, कापूस नेमका धरतात, आणि हात पुढच्या बोंडाकडे वळतो. यात एका क्षणापेक्षा फारसा अधिक वेळ जात नाही. या एका क्षणात शरीरात काय काय घडते?

आपल्या त्वचेत स्पर्श टिपणारे सूक्ष्म ग्राहक असतात. एका हाताच्या तळव्याच्या बाजूला, बोटांसह, असे सुमारे 17,000 ग्राहक आहेत. ते सगळे एकाच कामाचे नसतात. काही हलका दाब आणि वस्तूची कड ओळखतात, काही निसटणारी वस्तू जाणतात, काही बारीक कंप टिपतात, तर काहींना त्वचा ताणली गेलेली कळते. यांखेरीज ऊन, थंडी आणि वेदना सांगणारी मज्जातंतूंची उघडी टोके वेगळीच. प्रत्येक ग्राहक आपल्याला मिळालेल्या धक्क्याचे विजेच्या बारीक स्पंदनांत रूपांतर करतो. ही स्पंदने मज्जातंतूंतून मज्जारज्जूकडे, तेथून मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या नाक्याकडे, आणि तेथून मेंदूच्या पृष्ठभागावरील एका पट्ट्याकडे जातात. वाटेत ती बाजू बदलतात. म्हणून उजव्या हाताचा स्पर्श डाव्या मेंदूत आणि डाव्या हाताचा उजव्या मेंदूत पोहोचतो.

सर्व निरोप एकाच वेगाने जात नाहीत. स्पर्शाचे जाड तंतू सेकंदाला सुमारे 35 ते 75 मीटर या वेगाने निरोप नेतात; मंद वेदनेच्या बारीक तंतूंचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर असतो. याचा अनुभव सर्वांनी घेतलेला आहे. धुऱ्यावरून चालताना ठेच लागली की 'लागले' हे लगेच कळते, आणि खरी कळ मागाहून, सेकंदभराने मस्तकात जाते. पहिला निरोप धावत आलेला असतो, दुसरा चालत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मेंदू कवटीच्या अंधारात बंद आहे. त्याने आजवर कापूस पाहिलेला नाही की हाती धरलेला नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात ती केवळ स्पंदने, आणि ती सगळी जवळपास सारखीच असतात. कोणत्या तंतूने आली, किती दाटीने आली आणि आजूबाजूच्या तंतूंनी त्याच वेळी काय कळविले, यावरून मेंदू निर्णय घेतो की हा कापूस आहे, हा मऊ आहे, हा ओला आहे. मऊपणा बोटात नसतो; बोट फक्त खबर देते. मऊपणा मेंदूत घडतो.

मेंदूतील नकाशा

हे कसे उमगले, याची हकीगत मनोरंजक आहे. कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यचिकित्सक अपस्माराच्या रोग्यांवर मेंदूची शस्त्रक्रिया करीत. साऱ्या शरीराच्या वेदना ज्याला कळतात त्या मेंदूला स्वतःला मात्र स्पर्शाची किंवा वेदनेची जाणीव नसते. त्यामुळे केवळ कवटीवरची कातडी बधिर करून, रोगी जागा असताना, ही शस्त्रक्रिया करता येई. पेनफिल्ड मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा अगदी सौम्य स्पर्श करीत आणि रोग्याला काय वाटते ते विचारीत. एका ठिकाणी स्पर्श केला की रोगी अंगठ्याला मुंग्या आल्याचे सांगे. थोडे सरकले की ओठाला. अंगठ्याला कोणी हातही लावलेला नसे! त्यांनी व त्यांचे सहकारी एडविन बोल्ड्री यांनी 1937 मध्ये या निरीक्षणांवरून मेंदूतील शरीराचा नकाशा प्रसिद्ध केला.

हा नकाशा प्रमाणात नाही. त्यावरून माणूस काढला तर त्याचे ओठ, जीभ आणि बोटे प्रचंड, आणि पाठ व मांड्या एवढ्याशा दिसतात. जो अवयव जास्त बारकाईने जाणतो त्याला जास्त जागा, असा तेथील न्याय आहे. वाचकांना घरीच याची परीक्षा घेता येईल. आपल्या गावाच्या नावातच बाभूळ आहे, तेव्हा काट्यांना तोटा नाही. बाभळीचे दोन काटे एकमेकांपासून तीन-चार मिलिमीटर अंतरावर धरून, डोळे मिटलेल्या मित्राच्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकवा; दोन आहेत हे तो चटकन सांगेल. तेच काटे तितक्याच अंतरावर त्याच्या पाठीला टेकवा. तो एकच म्हणेल. पाठीवर दोन टोके वेगळी कळण्यासाठी त्यांच्यात सुमारे चार सेंटिमीटरपर्यंत अंतर लागते. जर्मन शास्त्रज्ञ वेबर याने हे प्रयोग 1834 मध्ये मांडले होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा नकाशा दगडावर कोरलेला नाही. वापराप्रमाणे तो बदलतो. तंतुवाद्य वाजविणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत इतरांपेक्षा अधिक जागा मिळालेली असते, असे 1995 मध्ये दाखविले गेले. लहानपणापासून दृष्टी नसलेले लोक ब्रेल लिपी बोटांनी वाचतात तेव्हा त्यांच्या मेंदूतील पाहण्याचा भागसुद्धा कामाला लागतो, हे 1996 मध्ये आढळले. मेंदूत कोणतीही जागा पडीक राहत नाही. मालकाने वाहिली नाही तर शेजारी वाहतो.

हे वाचताना मला माझ्या आईची आठवण होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई शाळेत गेलेली नाही. पण कापूस मुठीत दाबताच तो ओला की कोरडा, पहिल्या वेचणीचा की शेवटच्या, हे ती न पाहता सांगते. अशा माणसांना आपण 'अशिक्षित' म्हणून मोकळे होतो. त्यांच्याही मेंदूने वर्षानुवर्षे अभ्यास केलेला असतो. त्यांची पाटी बोटांत असते, एवढेच.

मेंदूची गाळणी

मेंदू आलेली प्रत्येक खबर तशीच्या तशी स्वीकारतो असेही नाही. नव्या बांगड्या भरल्या की पहिला दिवस हात जड वाटतो. दुसऱ्या दिवशी त्या आहेत याचा विसर पडतो. बांगड्या हातावरच असतात, पण न बदलणारी खबर ग्राहकही कमी पाठवितात आणि मेंदूही मागे टाकतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत याचेही कारण असेच. आपलेच बोट कोठे लागणार याचा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो, आणि अपेक्षित स्पर्शाला तो किंमत देत नाही.

कधी मेंदूची फसगतही होते. मिरची कुटली की हाताची 'आग होते' असे आपण म्हणतो. हा केवळ वाक्प्रचार नाही. साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की जो ग्राहक मेंदूला 'भाजले' असे कळवितो, तोच ग्राहक मिरचीतील तिखट द्रव्यानेही उघडतो. हात थंड असतो, पण खबर आगीचीच जाते. हा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाबाचा ग्राहक शोधणारे आर्डेम पॅटापूटियन या दोन शास्त्रज्ञांना 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आज्यांनी भाषेत जे आधीच सांगून ठेवले होते, त्याचे कारण विज्ञानाने असे शोधून काढले.

स्पर्श आहे, हात नाही

स्पर्श मेंदूत घडतो याचा सर्वांत विलक्षण पुरावा हात गमावलेल्या लोकांकडून मिळतो. अपघातात किंवा युद्धात हात तुटलेल्या बहुसंख्य लोकांना तो हात अजून आहे असे वाटत राहते. नसलेल्या बोटांना खाज येते, नसलेल्या मुठीत कळ येते. मूळचे तमिळनाडूचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात अशा रोग्यांचा अभ्यास केला. एका तरुणाच्या गालावर कापसाचा बोळा फिरविला असता त्याला तो तुटलेल्या हाताच्या बोटांवर फिरल्यासारखा वाटला. मेंदूच्या नकाशात चेहरा हा हाताचा शेजारी आहे. हाताकडून खबर येणे थांबले, तेव्हा त्या रिकाम्या जागेत चेहऱ्याच्या खबरांनी शिरकाव केला. रामचंद्रन यांनी एका साध्या आरशात धडधाकट हाताचे प्रतिबिंब दाखवून काही रोग्यांची ही वेदना कमीही केली. नसलेल्या हाताला आरशाने आराम मिळावा, याचा अर्थ वेदना हातात नव्हतीच.

हात आहे, स्पर्श नाही

आता याच्या नेमकी उलट अवस्था पाहू. हात आहे, मेंदूतील नकाशा शाबूत आहे, पण दोहोंमधली तार तुटलेली आहे. कुष्ठरोगात हेच घडते.

या रोगाचे जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधले. शरीराच्या थंड भागांत ते रमतात. म्हणून त्वचा आणि त्वचेलगतचे मज्जातंतू यांवर त्यांचा रोख असतो. कोपराजवळची, मनगटाची, गुडघ्याखालची आणि घोट्याची नस सुजते, आणि हळूहळू हात व पाय मुके होतात. त्वचेवरील फिकट किंवा लालसर चट्टा, आणि त्या चट्ट्याला स्पर्श न कळणे, ही रोगाची ओळख. आपल्या चरकसंहितेतही कुष्ठाच्या पूर्वलक्षणांत स्पर्श न कळणे सांगितलेले आहे.

परंतु शतकानुशतके लोकांची समजूत होती की या रोगात बोटे सडून गळतात. ही समजूत खोटी ठरविण्याचे मोठे श्रेय डॉ. पॉल ब्रँड यांना आहे. त्यांचा जन्म 1914 मध्ये तमिळनाडूतील डोंगराळ भागात झाला आणि 1946 पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करीत होते. एकदा त्यांना एक गंजलेले कुलूप उघडेना. एका लहान रोगी मुलाने किल्ली घेऊन ते झटक्यात उघडले. त्याची बोटे पाहिली तर किल्लीने हाडापर्यंत चिरलेली, आणि मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. रात्रीतून बोटांचा तुकडा नाहीसा होण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा पाळत ठेवून असे दिसले की झोपलेल्या रोग्यांची बोटे उंदीर कुरतडत होते. उपाय म्हणून रोग्यांना मांजरी देण्यात आल्या! ब्रँड यांचा निष्कर्ष असा, की बोटे रोगाने गळत नाहीत. वेदना नसल्यामुळे रोजच्या लहान जखमांनी ती झिजतात. चुलीवरचे गरम भांडे, बोटापर्यंत जळत आलेली बिडी, चपलेत शिरलेला काटा, यांतून आपल्याला वेदना वाचविते. ती ज्याला नाही त्याला कोण वाचविणार?

आमच्या गावात एक वृद्ध गृहस्थ आहेत. आम्ही त्यांना आबाजी म्हणतो. त्यांचा रोग औषधाने फार पूर्वीच बरा झाला, पण मेलेल्या नसा परत आल्या नाहीत. हाताबद्दल विचारले तर ते एवढेच म्हणाले, "पोरी, चटका डोयाले दिसते, हाताले कयत नाई." संपूर्ण लेखात मी जे मांडण्याचा यत्न करीत आहे, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. हात आणि मेंदू यांच्यातील तार तुटली की डोळ्यांना पहारा करावा लागतो. म्हणूनच अशा रोग्यांना रोज हातापायांची तपासणी करणे, ते पाण्यात भिजवून तेल लावणे, गरम भांडे फडक्याने धरणे आणि मऊ तळाची चप्पल वापरणे शिकविले जाते. मेंदूला जी खबर नसेने द्यायची, ती सवयीने द्यायची.

न कळणारा हात आणि न मिळणारा हात

आबाजींचा पेला चहाच्या टपरीवर आजही वेगळा ठेवलेला असतो. येथे आपल्याला विज्ञान सोडून समाजाकडे यावे लागते.

हा रोग मुख्यतः उपचार न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ सहवासात, श्वासावाटे पसरतो. बहुसंख्य माणसांत त्याला रोखण्याची शक्ती उपजतच असते. हस्तांदोलनाने, शेजारी बसल्याने किंवा एका पंगतीत जेवल्याने तो होत नाही, आणि उपचार सुरू झालेला रोगी तो पसरवीत नाही. जो रोग माणसाचा स्पर्श हिरावतो, तो अशा स्पर्शाने लागत नाही; तरीही समाजाने त्याच्यावर उपाय योजला तो न शिवण्याचा. एका हाताने रोगाने नेले, दुसऱ्या हाताने आपण नेले.

अलीकडच्या संशोधनातून कळते की त्वचेत मंद गतीचे आणखी काही तंतू आहेत, ते हळुवार कुरवाळण्याला प्रतिसाद देतात. त्यांची खबर मेंदूतील भावनांशी निगडित भागाकडे जाते. काय लागले यापेक्षा 'कोणीतरी आपले जवळ आहे' हे ते सांगतात. हे तंतू तळहातापेक्षा दंड, खांदा, पाठ अशा लव असलेल्या त्वचेत विपुल आहेत. म्हणजे ज्याचा पंजा बधिर झाला, त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात पुष्कळदा त्याला पूर्ण कळतो.

हे तंतू माहीत नसतानाही काही माणसांनी हा हात ठेवला. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठसेवेला आरंभ केला. सेवाग्रामला 1939 मध्ये आलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांच्या जखमा महात्मा गांधी स्वतः धूत आणि त्यांच्या अंगाला मालीश करीत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये तपोवन उभे केले. वरोऱ्याला भर पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून बाबा आमटे प्रथम भयाने पळाले, पण त्या भयाचीच लाज वाटून परत आले आणि त्याची शुश्रूषा केली. 1951 मध्ये सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर साधनाताईंसह त्यांनी आनंदवन सुरू केले. तेथे बधिर हातांनी विहिरी खणल्या, शेती पिकविली, माग चालविले. समाजाने निकामी ठरविलेले हात कामाला लागले.

आज हा रोग पूर्ण बरा होतो. 1981 नंतर आलेली बहुविध औषधोपचार पद्धती सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, आणि सहा महिने किंवा एक वर्ष औषध घ्यावे लागते. 2005 च्या अखेरीस देशातील रोग्यांचे प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आले. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही. तथापि अजूनही भारतात वर्षाला सुमारे एक लाख नवे रोगी सापडतात, आणि ही संख्या जगातील नव्या रोग्यांच्या निम्म्याहून अधिक आहे. चट्टा दिसला तरी लाजेने लपविला जातो, आणि लपविण्याच्या त्या काळातच नस मरते. औषध जंतूंना मारते. मेलेल्या नसेला ते जिवंत करू शकत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची.

तेव्हा वाचक बंधुभगिनींना, विशेषतः खेड्यांतून येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना माझे सांगणे एवढेच. आपल्या किंवा घरातील कोणाच्या अंगावर स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर कापसाचा धागा फिरवून पाहा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आई-वडिलांना हे वाचून दाखवा. आपण शिकलो त्याचा पहिला उपयोग घरालाच व्हावा. आणि जो बरा झालेला आहे त्याच्यासाठी पेला वेगळा ठेवू नका. आपल्या हाताला कापूस मऊ लागतो, भाकर गरम लागते, मित्राचा हात उबदार लागतो, हे सारे आपला मेंदू आणि काही बारीक तंतू यांचे देणे आहे. ज्याच्या हातातून ते गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवायला कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही.